अजून चालू असलेल्या जुन्या फ्रिजला निरोप कधी आणि कसा द्यावा?

उंबरठा

आमच्या घरातला फ्रिज माझ्या धाकट्या भावाहून वयाने थोरला आहे. तो बंद पडलेला नाही, हीच खरी अडचण आहे. बंद पडला असता तर हळहळ वाटली असती, पण निर्णय घेण्याची वेळ आली नसती. तो मात्र कुरकुरत का होईना, आजही गार करतो आणि बर्फ धरतो. दाराचा खालचा कोपरा नीट बसत नसल्यामुळे दार लावताना ते किंचित वर उचलून ढकलावे लागते, आणि ही सवय घरातल्या प्रत्येकाच्या हाताला इतकी जडली आहे की पाहुण्यांनी दार लावले, तर कुणीतरी मागोमाग जाऊन ते पुन्हा लावून येते. फ्रीझरच्या झडपेची स्प्रिंग गेलेली आहे, तिथे पुठ्ठ्याची घडी घातलेली आहे. पाठीमागच्या माहितीपट्टीवर ‘आर-१२’ हे आतल्या गॅसचे नाव आणि ‘१०० ग्रॅम’ हे त्याचे वजन अजून वाचता येते.

भावाचे म्हणणे असे की नवा घ्यावा आणि हा कुणातरी गरजूला देऊन टाकावा. आईचे म्हणणे असे की चालते यंत्र घराबाहेर काढायचे कारणच काय? मला दोघांचेही पटते आणि म्हणून काहीच ठरत नाही. चालू असलेले यंत्र निरोप देण्याजोगे झाले आहे हे कशावरून ओळखावे, आणि निरोप द्यायचाच झाला तर तो नेमका कसा द्यावा, याबद्दल जाणकारांनी लिहावे अशी विनंती आहे.

हिशेबी

‘चालू आहे’ या शब्दांवर मी तरी विसंबणार नाही, कारण फ्रिज गार करतो याचा अर्थ तो किती वीज घेऊन गार करतो हे कळले असा होत नाही. कॉम्प्रेसर १५० वॉटचा असेल आणि दिवसातले निम्मे तास चालत असेल, तर दिवसाला १.८ युनिट, म्हणजे वर्षाला साधारण ६५० युनिट होतात. तोच कॉम्प्रेसर न थांबता चालू लागला की आकडा दुप्पट होतो, आणि घरातल्या कुणालाही ते जाणवत नाही, कारण आतले पाणी तेवढेच गार असते.

अमेरिकेतली आकडेवारी या बाबतीत बोलकी आहे. १९७० च्या दशकाच्या मध्यावर तिथे विकला जाणारा सरासरी नवा फ्रिज वर्षाला सुमारे १८०० युनिट वीज घेत असे. कॅलिफोर्नियाने आणि नंतर केंद्र सरकारने कार्यक्षमतेची मानके लावली, ती टप्प्याटप्प्याने कडक होत गेली, आणि २००१ च्या मानकांनंतर हा आकडा ५०० युनिटांच्या आसपास आला. विशेष म्हणजे याच काळात फ्रिजचे आकारमान वाढत गेले होते.

अर्थात यावरून ‘जुना तितका खादाड’ असा सरसकट निष्कर्ष काढणे चूक ठरेल. हाताने बर्फ वितळवावा लागणारा जुना एकदारी फ्रिज हा आपोआप बर्फ वितळवणाऱ्या मोठ्या दुदारी फ्रिजपेक्षा कमी वीज घेणारा असू शकतो. त्यामुळे उंबरठाताई, आधी मोजणी करावी. प्लग आणि सॉकेट यांच्या मध्ये लावायचा वीजमापक मिळतो, तो काही दिवस सलग लावून ठेवावा. तासाभराच्या नोंदीला अर्थ नसतो, कारण कॉम्प्रेसर चालू-बंद होत असतो आणि दाराची उघडझापही दिवसभर सारखी नसते.

शंकासुर

विजेचा हिशेब मांडताना नवा फ्रिज आभाळातून पडतो असे गृहीत धरले जाते. त्याचे पोलाद, तांबे, प्लास्टिक, फोम, कारखान्यातली वीज आणि वाहतूक हे सगळे कुणाच्या खाती मांडायचे? शिवाय नवा फ्रिज किती वर्षे टिकेल याची खात्री कोण देतो? जुन्या फ्रिजमध्ये बिघडण्याजोगे भाग मोजकेच होते, कॉम्प्रेसर, रिले, थर्मोस्टॅट आणि दिवा. आता दारावर पडदा आहे, आत सर्किट बोर्ड आहेत, आणि एक बोर्ड गेला की दुरुस्तीला आलेला माणूस नवा फ्रिज घ्यायचा सल्ला देऊन निघून जातो.

माझे मत असे की जे यंत्र दुरुस्त होऊ शकते त्याला निरोप देऊ नये.

पानापक्कड

अनेक वर्षे फ्रिजदुरुस्ती केल्यामुळे दोन शब्द लिहितो. शंकासुर यांचे अर्धे म्हणणे खरे आहे. गॅस्केट (दाराची रबरी कड), थर्मोस्टॅट, रिले (कॉम्प्रेसर सुरू करणारा भाग), ओव्हरलोड (कॉम्प्रेसर फार तापला की वीज तोडणारा भाग) या वस्तू बदलून फ्रिज पुन्हा वर्षानुवर्षे चालतो, आणि त्यासाठी नवा घेण्याची गरज नसते. गॅस्केट ढिले झाले आहे का हे कागदाच्या पट्टीने पाहता येते. पट्टी दारात धरून दार लावावे आणि पट्टी ओढावी. चारही बाजूंना ती अडखळत यायला हवी, जिथे सुळकन निघून येते तिथून बाहेरची दमट हवा आत शिरते आणि बर्फाचा थर वाढतो. कंडेन्सरची जाळी धुळीने माखली असेल तर तीही पुसून घ्यावी. कॉम्प्रेसर सतत चालण्याचे कारण पुष्कळदा एवढेच असते.

आता उरलेले अर्धे. जुन्या फ्रिजमध्ये न दिसणारी एक झीज असते आणि तिला दुरुस्ती नाही. भिंतींमधला फोम उष्णता अडवतो तो त्याच्या बारीक पोकळ्यांमध्ये कोंडलेल्या गॅसमुळे. वर्षानुवर्षे हा गॅस हळूहळू बाहेर झिरपतो, त्याच्या जागी हवा आणि बाष्प शिरते, आणि भिंत पूर्वीइतकी उष्णता अडवेनाशी होते. दमट दिवसांत फ्रिजच्या बाहेरच्या पत्र्यावर दव साचू लागले, किंवा एखादाच भाग हाताला गार लागला, तर आतला फोम तिथे निकामी झाला आहे असे समजावे. गॅस्केट बदलता येते, भिंत बदलता येत नाही.

दुसरा मुद्दा कॉम्प्रेसरचा. आपल्या पट्टीवर आर-१२ आहे. तो गॅस आता तयार होत नाही. गळती होऊन तो संपला, तर त्याच नळ्यांमध्ये आर-१३४ए हा नंतरचा गॅस भरून भागत नाही, कारण जुन्या कॉम्प्रेसरमध्ये खनिज तेल असते आणि आर-१३४ए त्या तेलाशी मिसळत नाही. तेल नळ्यांमध्ये अडकून राहते, कॉम्प्रेसरकडे परत येत नाही, आणि मग कॉम्प्रेसर कोरडा पडून जॅम होतो. काही जण हायड्रोकार्बन गॅस भरून देतात. तो या तेलात चालतो हे खरे, पण तो ज्वलनशील आहे, आणि जुन्या फ्रिजमधले थर्मोस्टॅट व दिव्याचे बटण यांच्या उघड्या संपर्कबिंदूंवर ठिणगी पडत असते. ज्या फ्रिजची रचना त्या गॅससाठी झालेली नाही त्यात तो भरायला मी नेहमी नकार देत आलो आहे.

म्हणून माझा ठोकताळा असा आहे. बिघाड दारात किंवा विजेच्या सुट्या भागांत असेल, तर दुरुस्ती करावी. तो भिंतीत किंवा बंद नळ्यांमध्ये असेल आणि फ्रिज आर-१२ चा असेल, तर हात जोडावेत.

वाचनमात्र

एरवी मी इथे केवळ वाचतो, पण एक बाब राहून गेली आहे म्हणून लिहितो. फ्रिजमध्ये औषधे ठेवली जात असतील तर वरचा सगळा हिशेब बदलतो. न उघडलेले इन्सुलिन २ ते ८ अंश सेल्सिअसच्या दरम्यान ठेवायचे असते, आणि ते गोठले तर वाया जाते. आमच्या जुन्या फ्रिजचा थर्मोस्टॅट असा लहरी झाला होता की वरच्या कप्प्यात कधी पाणी गोठायचे आणि कधी ते साधे गारही होत नसे. वडिलांचे औषध ज्या दिवशी गोठलेले आढळले, त्या दिवशी आमच्यापुरता प्रश्न मिटला. आतले तापमान पाहण्यासाठी साधा तापमापक पाण्याच्या पेल्यात बुडवून मधल्या कप्प्यात रात्रभर ठेवावा. हवेचे तापमान दार उघडताच बदलते, पाण्याचे तसे लगेच बदलत नाही.

हिशेबी

शंकासुर यांचा आक्षेप रास्त आहे आणि त्याचा अभ्यासही झालेला आहे. मिशिगन विद्यापीठातील संशोधकांनी २००६ साली नेमका हाच प्रश्न घेतला होता की फ्रिजची निर्मिती, वापर आणि विल्हेवाट हे सगळे जमेस धरले, तर तो किती वर्षांनी बदलणे योग्य ठरेल. केवळ ऊर्जा पाहिली तर उत्तर २ ते ७ वर्षे आले, आणि घरमालकाचा खर्च पाहिला तर १८ वर्षे. फ्रिजच्या आयुष्यभराच्या ऊर्जेतला फार मोठा वाटा तो वापरण्यात जातो, बनवण्यात त्या मानाने थोडा जातो, हे त्यामागचे कारण आहे.

परंतु हे निष्कर्ष ज्या काळाच्या आकड्यांवर उभे आहेत, त्या काळात दर काही वर्षांनी नवा फ्रिज आधीच्यापेक्षा बराच कमी वीज घेणारा निघत होता. आता ती उडी पूर्वीइतकी मोठी राहिलेली नाही. त्यामुळे दहा वर्षांचा चांगला फ्रिज केवळ विजेसाठी बदलावा असे मी म्हणणार नाही, आणि आर-१२ च्या काळातला फ्रिज केवळ मायेपोटी ठेवावा असेही म्हणणार नाही.

शंकासुर

हे मान्य आहे. पण मग सुटे भाग मिळण्याची सक्तीही सगळीकडे व्हायला हवी. युरोपीय संघात मार्च २०२१ पासून फ्रिजचे थर्मोस्टॅट, तापमानाचे सेन्सर आणि सर्किट बोर्ड किमान ७ वर्षे, तर दाराचे गॅस्केट किमान १० वर्षे उपलब्ध ठेवण्याचे बंधन उत्पादकांवर आहे, आणि ही मुदत त्या मॉडेलचा शेवटचा नग बाजारात आल्यापासून मोजली जाते. असे बंधन नसेल तर आज घेतलेल्या नव्या फ्रिजसाठी असाच धागा फार लवकर काढावा लागेल.

उंबरठा

सर्वांचे आभार. वीजमापक लावून पाहिला. दिवसाला सरासरी अडीच युनिटांच्या वर नोंद होते आहे, म्हणजे वर्षाला नऊशे युनिटांच्या पुढे. त्याच आकाराच्या नव्या एकदारी फ्रिजवरच्या पट्टीत अडीचशेच्या आतला आकडा दिसतो. पट्टीवरचा आकडा चाचणीच्या परिस्थितीतला असतो हे ध्यानात घेऊन तो थोडा वाढवला तरीही अंतर मोठेच राहते. पानापक्कडकाकांनी लिहिल्याप्रमाणे बाहेरून हात फिरवून पाहिला, तर डाव्या बाजूचा पत्रा खालून वीतभर उंचीपर्यंत स्पष्ट गार लागतो आणि पहाटे तिथे दव असते. इतकी वर्षे आम्ही ते फडक्याने पुसत होतो आणि फरशी ओली होते म्हणून कुरकुरत होतो.

हे सगळे आईला दाखवले. तिचे म्हणणे आता असे की नवा आणायला हरकत नाही, पण हा भंगारात जाऊ नये, कुणाच्या तरी घरी चालत राहावा. भावाचाही तोच बेत आहे. यावर आपले काय मत आहे?

हिशेबी

माझे मत स्पष्टपणे विरोधी आहे. जो फ्रिज आपल्याला विजेच्या दृष्टीने परवडत नाही म्हणून आपण काढतो, तो आपल्याहून कमी ऐपतीच्या घरी देणे म्हणजे यंत्र फुकट देऊन विजेचे बिल त्यांच्या गळ्यात मारणे आहे. देणाऱ्याला समाधान एकदा मिळते, बिल मात्र घेणाऱ्याला दर महिन्याला भरावे लागते. द्यायचेच असेल तर नवा द्यावा आणि हा मोडीत काढावा. हाच फ्रिज ‘जादा सामानासाठी’ दुसऱ्या खोलीत चालू ठेवण्याचा मोहही टाळावा, कारण मग नव्यामुळे वाचलेली वीज जुना खाऊन टाकतो.

माजघर

उंबरठा, मी तुमच्या आईंच्या बाजूने थोडे लिहिते. चालत्या वस्तूला मोडीत काढताना जे वाईट वाटते त्याला इथे ‘माया’ म्हणून बाजूला सारले जात आहे, ते मला पटत नाही. ज्या पिढीने एकेक वस्तू थांबून, विचार करून घेतली आणि नीट निगा राखून चालवली, तिच्या दृष्टीने वस्तू टिकवणे हे एक कसब असते. दार किंचित उचलून लावायचे, बर्फ सुरीने न खरवडता गरम पाण्याचे भांडे ठेवून सोडवायचा, सुट्टीवर जाताना तो रिकामा करून दार फटीएवढे उघडे ठेवायचे, हे सारे त्या कसबात येते. फ्रिज जातो तेव्हा हे कसबही निरुपयोगी होते, आणि खरे दुःख त्याचे असते असे मला वाटते. नव्या फ्रिजला तुमच्या आईंच्या या ज्ञानाची गरजच उरणार नाही.

म्हणून एक सुचवते. लोक जाणाऱ्या वस्तूचे छायाचित्र काढतात ते ती रिकामी करून, पुसून, दाराबाहेर नेल्यावर. त्यापेक्षा एखाद्या साध्या दिवशी, तो भरलेला असताना, दार उघडून छायाचित्र काढा. कोणता डबा कुठल्या कप्प्यात असायचा, कुठली बरणी कायम दाराच्या कोनाड्यात असायची, हे त्यात राहील. आणि आईंकडून त्याच्या दुरुस्त्यांची यादी सांगून घ्या. माझ्या अंदाजाने ती त्यांना तोंडपाठ असेल.

शंकासुर

माजघर यांच्याशी सहमत. इतकी गंभीर शोकसभा झाल्यावर फ्रिजलाही मागे वळून पाहावेसे वाटेल.

कडीकोयंडा

विषय निरोपाचा आहे म्हणून एक सूचना, जी कुणीतरी लिहील असे वाटत होते. घराबाहेर, जिन्याखाली किंवा अंगणात उभा करून ठेवलेला जुना फ्रिज हा लहान मुलांसाठी अक्षरशः सापळा असतो. पूर्वीच्या फ्रिजच्या दारांना बाहेरून खटक्याने बंद होणारी कडी असे आणि ती आतून उघडत नसे. लपाछपी खेळताना आत शिरलेली मुले गुदमरून दगावल्याच्या घटना वारंवार घडू लागल्या, तेव्हा अमेरिकेत १९५६ साली दार आतून उघडता आलेच पाहिजे असा कायदा करावा लागला. दार चुंबकाच्या गॅस्केटने बंद करण्याची पद्धत त्यानंतर रूढ झाली. तरीही चुंबकावर विसंबू नये. फ्रिज वापरातून काढला की त्याच दिवशी त्याचे दार बिजागरीतून सोडवून वेगळे ठेवावे. आडव्या झाकणाच्या जुन्या डीप फ्रीझरच्या बाबतीत आणखी एक गोष्ट आहे. त्यातल्या काहींच्या झाकणातील दिव्याच्या बटणात पारा असतो, त्यामुळे ते भाग हाताने फोडू नयेत.

पानापक्कड

कडीकोयंडा यांनी लिहिले ते फार महत्त्वाचे आहे. आता फ्रिज मोडीत काढण्याच्या योग्य रीतीबद्दल लिहितो, कारण बहुतेक फ्रिजचा शेवट चुकीच्या रीतीने होताना मी पाहिला आहे. ती चुकीची रीत अशी असते की भंगार घेणारा कॉम्प्रेसरची तांब्याची नळी पक्कडीने चिमटून तोडतो, ‘फुस्स’ असा आवाज होतो, तेलाचा वास येतो आणि दोन मिनिटांत सगळे शांत होते. त्या दोन मिनिटांत जे निघून जाते त्याचा हिशेब ऐका. आर-१२ हा शंभर वर्षांच्या कालावधीत कार्बन डायऑक्साइडच्या दहा हजार पटींहून जास्त उष्णता धरून ठेवतो. तुमच्या पट्टीवरचे १०० ग्रॅम म्हणजे एक टनाहून अधिक कार्बन डायऑक्साइड झाला, आणि ओझोनच्या थराची हानी ती वेगळीच.

हे टाळता येते. गॅस परत काढून घेणारे यंत्र आणि त्यासाठीची टाकी असलेला तंत्रज्ञ बोलवावा. तो नळीवर छिद्र पाडणारा व्हॉल्व्ह बसवतो, गॅस टाकीत ओढून घेतो आणि मगच कॉम्प्रेसर सोडवतो. तेलातही गॅस विरघळलेला असतो, म्हणून तेल वेगळे जमा करून गरम करून त्यातला गॅस काढावा लागतो. मात्र एवढ्यावर काम संपत नाही. जुन्या फ्रिजमध्ये नळ्यांपेक्षा जास्त गॅस भिंतींच्या फोममध्ये असतो, कारण तो फोम फुगवण्यासाठीही आर-११ हा त्याच जातीचा गॅस वापरला जाई. ज्या कारखान्यांमध्ये फ्रिजचे सांगाडे बंदिस्त कक्षात, नायट्रोजनच्या वातावरणात दळून हा गॅस धरला जातो, त्यांच्याकडे तो गेला तर उत्तम. तशी सोय नसेल, तर निदान फोम जाळला जाणार नाही आणि सांगाडा उघड्यावर फोडला जाणार नाही, अशा अधिकृत पुनर्वापर केंद्राकडे तो द्यावा. विचारायचा प्रश्न एकच आहे, ‘गॅसचे काय करता?’ उत्तर देताना समोरचा गोंधळला, तर दुसरा शोधावा.

जुनेकागद

थोडे अवांतर, पण गॅसचा विषय निघालाच आहे म्हणून. हा गॅस मुळात सुरक्षिततेसाठी शोधला गेला होता, हे आज विचित्र वाटते. १९२० च्या दशकातील घरगुती फ्रिजमध्ये सल्फर डायऑक्साइड, मिथाइल क्लोराइड किंवा अमोनिया असे आणि गळती झाली की माणसे दगावत. बर्लिनमधल्या अशाच एका कुटुंबाच्या मृत्यूची बातमी वाचून अल्बर्ट आइन्स्टाइन आणि लिओ झिलार्ड यांनी हलणारे भाग नसलेल्या फ्रिजवर काम सुरू केले, आणि १९३० साली त्यांना अमेरिकेत त्याचे पेटंट मिळाले. तो फ्रिज बाजारात मात्र आला नाही, कारण थॉमस मिजली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शोधलेला, विषारी नसलेला आणि पेट न घेणारा नवा गॅस त्याच वर्षी जाहीर झाला होता. तोच आर-१२.

पुढे १९७४ साली मारिओ मोलिना आणि शेरवूड रोलंड यांनी हे गॅस ओझोनचा थर पोखरू शकतात असे दाखवून दिले, १९८५ साली अंटार्क्टिकावरील ओझोनच्या छिद्राची नोंद प्रसिद्ध झाली, आणि १६ सप्टेंबर १९८७ रोजी मॉन्ट्रियल करारावर सह्या झाल्या. त्यानंतर आर-१३४ए आला. तो ओझोनला धक्का लावत नाही, पण तापमानवाढीच्या बाबतीत तोही कार्बन डायऑक्साइडच्या हजार पटींहून जास्त आहे, म्हणून याच करारात २०१६ साली झालेल्या किगाली दुरुस्तीने अशा गॅसांवरही टप्प्याटप्प्याने मर्यादा आणली. आताच्या अनेक घरगुती फ्रिजमध्ये आर-६००ए, म्हणजे आयसोब्युटेन असतो. तो ज्वलनशील आहे खरा, परंतु त्याचे प्रमाण थोडे असते आणि फ्रिजची रचना त्याला अनुसरून केलेली असते. करारामुळे नवा आर-१२ बनणे थांबले. जुन्या फ्रिजच्या पोटात आहे तो मात्र ज्याच्या घरी फ्रिज आहे त्यालाच सांभाळायचा आहे.

उंबरठा

जुनेकागद आणि पानापक्कडकाकांचे प्रतिसाद आईला मोठ्याने वाचून दाखवले. नळी तोडल्यावर काय होते हे ऐकल्यावर तिने स्वतःच सांगितले की आता हा कुणाच्या घरी द्यायचा नाही, कारण तिथून तो पुढे कुणाच्या हाती जाईल हे आपल्याला कळणार नाही. चौकशी केल्यावर दोन ठिकाणी गॅसच्या प्रश्नावर ‘तो आपोआप निघून जातो’ असे उत्तर मिळाले. तिसऱ्या ठिकाणच्या माणसाने उलट आम्हालाच पट्टीवर कोणता गॅस लिहिला आहे असे विचारले, तेव्हा काम त्यांच्याकडे दिले. माजघर, छायाचित्र काढले आहे, आणि दुरुस्त्यांची यादी आईला खरोखरच तोंडपाठ होती.

काल गॅस काढून नेला आणि कडीकोयंडा यांच्या सांगण्याप्रमाणे भावाने लगेच दार सोडवले. तेव्हा एक गोष्ट हाती आली. खालच्या बिजागरीच्या खिळ्यावर नायलॉनचे एक छोटे बूच बसवलेले असते, ते एका बाजूने पार झिजून अर्धचंद्राच्या आकाराचे झाले होते. दार खाली लोंबत होते ते त्यामुळे. गॅस्केटचा त्यात काहीच दोष नव्हता.

शंकासुर

म्हणजे नखाएवढ्या तुकड्यासाठी इतकी वर्षे सारे घर दार उचलून लावत होते! माझा मुद्दा याहून चांगला मला स्वतःलाही मांडता आला नसता.

पानापक्कड

शंकासुर, मुद्दा मान्य. ते बूच वेळीच बदलले असते तर दार नीट बसले असते, आत दमट हवा कमी गेली असती आणि कॉम्प्रेसरला जरा विश्रांती मिळाली असती. मात्र डाव्या भिंतीतला फोम त्याने वाचला असता असे म्हणता येणार नाही, आणि आर-१२ चा आर-१२ च राहिला असता. उंबरठाताई, माहितीपट्टी सांगाड्यावर रिबिटने बसवलेली असेल तर रिबिटची डोकी ड्रिलने उडवून ती काढून घेता येते, मात्र त्याआधी केंद्राच्या माणसाला विचारा, कारण पुढे फ्रिज वेगळा काढताना आत कोणता गॅस होता हे त्यांना त्याच पट्टीवरून कळते.

उंबरठा

विचारले. त्यांनी पट्टीवरची माहिती उतरवून घेतली, गॅसचे नाव सांगाड्यावर खडूने मोठ्या अक्षरांत लिहिले आणि पट्टी आईच्या हातात दिली. ती तिने शिलाईच्या डब्यात ठेवली आहे, आणि कशासाठी हे आम्ही विचारलेले नाही.

नवा फ्रिज उद्या येतो आहे. तो आणणारे लोक ‘जिन्यात वळत नाही, आडवा करून आणू’ असे म्हणत आहेत. ते चालेल का?

पानापक्कड

शक्यतो उभाच आणायला सांगावे. अगदीच नाइलाज झाला तर तिरका करावा, पूर्ण आडवा टाळावा, आणि तरीही आडवा झालाच तर जागेवर उभा केल्यावर काही तास, जास्त वेळ आडवा राहिला असेल तर दिवसभर, तो सुरू करू नये, म्हणजे कॉम्प्रेसरमधून नळ्यांत गेलेले तेल परत खाली उतरते. माहितीपुस्तिकेत सांगितलेली मोकळी जागा मागे आणि बाजूंना सोडावी. आणि आईंना आधीच कल्पना द्यावी की इन्व्हर्टर कॉम्प्रेसर असेल तर तो जुन्यासारखा खाडकन सुरू होऊन खडखडत थांबणार नाही, तर मंद वेगाने बराच वेळ चालत राहील. जुन्या फ्रिजचे सतत चालणे हा आजार होता, नव्याचे तसे चालणे हा त्याचा स्वभाव आहे. फ्रिज बिघडला असे समजून तक्रार नोंदवण्याआधी वीजमापक पुन्हा एकदा लावून पाहावा.